नापास केलेला गिअर

रोह्यासमोर नदीच्या अलीकडे असलेल्या अष्टमी गावात दिनानाथला भाजी विकायला कुणी राजी नसे. नाक्यावरची सगुणा तर तो लांबून दिसला की वांग्यांच्या पाटीवर गोणपाट ओढून घ्यायची. धाटावच्या एका केमिकल कंपनीत दिनानाथने सगळी नोकरी माल तपासण्यात घालवली होती. आत येणारा प्रत्येक पाइप, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक नटबोल्ट त्याच्या टेबलावरून पुढे जायचा किंवा जायचा नाही, आणि दिनानाथचा दरारा जो होता तो न गेलेल्या मालामुळे. लाल रंगात ब्रश बुडवून ‘नापास’ लिहिताना त्याचा चेहरा देवपूजेला बसल्यासारखा शांत होई. निरोप समारंभात कंपनीने त्याला शाल दिली. ती त्याने खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली आणि एका कोपऱ्यात वीण सुटल्याचं व्यवस्थापकांच्या लक्षात आणून दिलं. भाषणं त्यानंतर लवकर आटोपली.

घरात मात्र त्याची तपासणी न जुमानणारी एक व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची थोरली बहीण विमलबाई. सगळी अष्टमी तिला आक्का म्हणे. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच दिनानाथला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. त्यामुळे आमटी अळणी आहे असा शेरा त्याने मारला, की बायको शकू गप्प बसे, पण आक्का पुढची वाटीच उचलून नेई आणि निवृत्त अधिकाऱ्याला कोरडा भात गिळावा लागे.

आक्काचं सासर पेणचं. तिचे यजमान गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. त्यांचा हात इतका शांत, की मूर्तिकारांच्या हमरापूरहूनही लोक मूर्ती घेऊन त्यांच्याकडे येत. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ते रोह्याच्या दवाखान्यात वारले. त्यांना पेणला न्यायचं होतं. रोह्याच्या शववाहिनीला गावाबाहेर जायची परवानगी नव्हती आणि पेणची शववाहिनी इकडे येत नव्हती. दोघींच्या हद्दींच्या मधे नागोठणं, वडखळ आणि दुरुस्तीला काढलेला अख्खा महामार्ग पडत होता, आणि तेवढं अंतर मृताने आपल्या जबाबदारीवर कापावं अशी व्यवस्था होती. खाजगी ॲम्ब्युलन्सवाल्यांना जिवंत गिऱ्हाईक मिळालं की ते मेलेल्याला थांबवून ठेवत. शेवटी मासळी टाकून परत निघालेला टेंपो मिळाला. पुढे ड्रायव्हरशेजारी आक्का बसली. मागे बर्फाच्या पाण्यात यजमान. प्रत्येक खड्ड्याला मागच्या पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता, आणि ते काय आपटतंय हे तिला पेणपर्यंत कळत होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर ती दिनानाथला म्हणाली, “दिना, मला टेंपोत नको घालूस. पेणला ने, ह्यांना जिथे ठेवलंय तिथे ने, पन टेंपोत नको.”

दिनानाथने शब्द दिला. आपण काय देतोय हे तपासायचं त्याला त्या वेळी सुचलं नाही.

मग आक्का अष्टमीला भावाकडे राहायला आली. वर्षभरात तिच्या कानांनी राजीनामा दिला, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, आणि यंदाच्या होळीनंतर हृदयानेही अंग काढून घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, फार हलवू नका, जे हवंनको ते बघा. आक्काला काय हवंय हे दिनानाथला ठाऊक होतं. ते दुकानात मिळत नव्हतं, एवढीच अडचण होती.

उपाय सापडला तो कुंपणापलीकडे. शेजारी खलील हा दिनानाथचा शाळेतल्या बाकावरचा सोबती. त्याच्या वाडीत फणसाखाली त्याच्या वडिलांची अमेरिकन गाडी उभी होती. आठ सिलिंडरची, मागे सपाट लांबलचक जागा असलेली. एके काळी पेण-रोहा पट्ट्यातल्या कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या होत्या. लोक तिला तारू म्हणत. आता तिच्यात खलीलच्या कोंबड्यांची वस्ती होती. दिनानाथने कोंबड्या हाकलल्या आणि लांबीचा अंदाज घ्यायला स्वतःच आत आडवा झाला. हात छातीवर, डोळे मिटलेले. शकू चहाला बोलवायला आली आणि काचेतून हे दृश्य पाहून तिने जी किंकाळी फोडली, तिने वाडीतल्या अंड्यांवर बसलेल्या कोंबड्या उठल्या. खलीलची बायको फरझाना त्यानंतर आठवडाभर दिनानाथशी बोलली नाही. उबवणी वाया गेली होती.

खलीलने मात्र गाडी लगेच देऊ केली. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की अब्बांच्या गाडीतून अर्ध्या तालुक्याच्या लेकी गेल्या, तर आक्का का नको.

एकट्याच्या बळावर हे होणार नाही म्हणून दिनानाथने तारूची शववाहिनी करायचा विषय ज्येष्ठ नागरिक मंडळात मांडला. मंडळाच्या बैठकीत चहा कुणी आणायचा यावर दोन तट पडत, पण हा ठराव एकमताने आणि पुष्कळ वेगाने संमत झाला, कारण प्रत्येक सभासदाचा त्यात हितसंबंध गुंतला होता. अध्यक्ष काळुराम हे भातशेती मुलांवर सोपवून गावकीत उतरलेले गृहस्थ. त्यांना गाडीत पंखा हवा होता. कुणासाठी, असं विचारल्यावर त्यांनी पुढचा मुद्दा घ्यायला सांगितलं. एकाने पडदे सुचवले, दुसऱ्याने पडदे नकोत असं सुचवलं, कारण आयुष्यभर खिडकी मिळाली नाही, निदान त्या दिवशी तरी बाहेरचं दिसावं. रंगाऱ्याला मंडळाचं नाव लिहायला सांगितलं होतं. त्याने ते लिहिलं, आणि हाताला ट्रकची सवय असल्यामुळे मागच्या दारावर कमळं काढून खाली ‘पुन्हा भेटू’ हेही लिहिलं. ते खरवडताना मूळचा रंगही निघाला.

कागदपत्रांसाठी दिनानाथने ज्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्याचं नाव इथे न सांगितलेलं बरं. गाडीची नोंद प्रवासी वाहन म्हणून होती. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, प्रवासी बसलेले असणार की झोपलेले? दिनानाथने खरं सांगितलं. मग ते प्रवासी धरायचे की माल, यावर आत चर्चा झाली. माल धरला तर गाडीला बाजूला फळ्या हव्यात, प्रवासी धरले तर पट्टे. शिवाय मूळ मालकाची सही हवी. मूळ मालक खलीलचे वडील, ते कबरस्तानात. वारसाचा दाखला आणला, तर त्यावर हाशिमचीही सही हवी, आणि हाशिम म्हणजे खलीलचा धाकटा भाऊ, तो कुवेतला. दिनानाथ प्रत्येक वेळी घरी येई, पाणी पिई आणि त्या कार्यालयाला मनातल्या मनात लाल ब्रशने नापास करून टाकी. या सगळ्या काळात आक्का ओटीवरच्या खाटेवर उशीला टेकून बसलेली असे आणि गाडी कुठवर आली हे मोठ्याने विचारी. झाल्याशिवाय आपण जाणार नाही, असं तिने शकूला ठणकावून सांगितलं होतं. शकूला त्यामुळे काम लांबलेलं बरंच वाटत होतं.

कागद कसेबसे जुळले तेव्हा कळलं की इंजिन जुळत नाही. पेणहून जितेश मेकॅनिक मोटरसायकलवर आला. जितेशला एक खोड होती; तो इंजिनापेक्षा मालकाच्या चेहऱ्याकडे बघून निदान करायचा. दिनानाथचा चेहरा बघून त्याने कॅमशाफ्ट गेला असं सांगितलं, आणि या वेळी तो खरोखरच गेला होता. आता कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे दिनानाथने नंतर इतक्या जणांना समजावलं की अष्टमीतल्या बायकांनाही ते पाठ झालं. इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा फिरत असतो. त्याच्यावरचे उंचवटे झडपा उघडतात. त्याच दांड्याच्या दात्यांवर एक छोटा गिअर फिरतो, तो डिस्ट्रिब्युटरचा. कुठल्या सिलिंडरला ठिणगी कधी द्यायची हे तो बघतो आणि जाता जाता खालचा ऑइलपंपही फिरवतो. म्हणजे दांडा मोठा खरा, पण छोट्या गिअरचं आणि त्याचं पटलं नाही तर ठिणगीही नाही आणि तेलही नाही.

हाशिम कुवेतच्या एका गॅरेजात कामाला होता आणि तिथलं वाळवंट सोडून बाकी सगळं आपणच चालवतो, अशी त्याची बोलण्याची पद्धत होती. त्याने जुन्या धर्तीचा बिडाचा नको म्हणून, उंचवट्यांवर छोटी चाकं फिरतात असला रोलरवाला कॅमशाफ्ट धाडला. अस्सल पोलादाचा, लखलखीत, सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. सोबत साबणाच्या खोक्यात एक छोटा पिवळा गिअर होता. मागोमाग फोनवर त्याचा आवाजी निरोप आला. त्यातला बराचसा भाग शेखच्या गाड्यांविषयी होता, मग उकाड्याविषयी, मग पुन्हा शेखविषयी. अगदी शेवटी तो म्हणाला, “आनि दिनूभाय, जुना गिअर लावू नका. रोलरचा कॅम पोलादाचा हाय, त्याला ह्यो पिवळाच लागतो, ब्राँझचा. झिजल, पन झिजू दे. मी दुसरा पाठवीन.”

दिनानाथने तो निरोप पुन्हा ऐकला. माल पुरवणारा स्वतःच्या तोंडाने माल झिजेल असं सांगतोय, हे त्याच्या उभ्या नोकरीत प्रथमच घडत होतं. त्याने पिवळ्या गिअरवर कानस फिरवली. भुसा पडला. एवढ्यावर खरं म्हणजे निकाल लागलाच होता, पण दिनानाथकडे याहूनही भक्कम कारण होतं. त्याच्या कंपनीत अमोनियाचं काम चाले, आणि अमोनिया पितळ-तांबं खातो. म्हणून पिवळा धातू गेटच्या आत घ्यायचा नाही, असा तिथला नियम होता. तो नियम पाळता पाळता दिनानाथच्या मनात पिवळ्या धातूविषयी एक अढी बसली होती. लग्नात आलेली पितळी समईसुद्धा त्याने माळ्यावर ठेवायला लावली होती.

“अरे, पन गाडीत अमोनिया कुठे हाय?” खलीलने विचारलं.

दिनानाथ सरळ घरात गेला. त्याने लाल रंगाचा डबा काढला, गिअरवर फुली मारली, आणि कंपनीच्या रिवाजाप्रमाणे पुढची पायरीही पार पाडली. नापास माल तसाच ठेवला तर कुणीतरी चुकून, किंवा न चुकता, तो पुन्हा आत ढकलतो. म्हणून तो तिथल्या तिथे निकामी करायचा. त्याने गिअर धुण्याच्या दगडावर ठेवून घणाने ठेचला. आक्का ओटीवरून बघत होती. तिला ऐकू आलं नाही, पण त्याच्या हातातला जोर दिसला असावा. एवढा कसला राग आलाय त्याला, असं तिने शकूला विचारलं.

त्यानंतर दिनानाथ धाटावला गेला. तिथे एक वर्कशॉपवाला होता, ज्याचा माल दिनानाथने वर्षानुवर्षं परत पाठवला होता. बिचारा दिनानाथला दारात बघून सवयीने उभा राहिला. दिनानाथने त्याला गाडीचा जुना, झिजलेला गिअर नमुना म्हणून दिला आणि सांगितलं, पोलादाचा बनव, आणि असा पाणी देऊन कडक कर की कानस लागता कामा नये. वर्कशॉपवाल्याने जन्माचा सूड उगवावा तसं मन लावून काम केलं. गिअर आला तेव्हा कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. दिनानाथला गहिवरून आलं. त्याने हिरवा रंग आणवला. असा माल त्याने इतक्या क्वचित पास केला होता, की घरात हिरव्या रंगाचा डबाच नव्हता.

जितेशने दोघांची जोडी जमवली. हे चालेल ना, असं दिनानाथने विचारलं, तेव्हा जितेशने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चालेल म्हणाला.

आणि गाडी सुरू झाली. फणसावरचे पक्षी उडाले, फरझानाच्या खिडकीची काच थरथरली, आणि ओटीवर बसलेल्या आक्काने पाय जमिनीला टेकवून ठेवले. पायातून तिला तो आवाज कळत होता. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून दिनानाथने तोंड फिरवून घेतलं. शब्द पाळला गेला होता. आता फक्त तो वापरायची वेळ येऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं.

उद्‌घाटनाला काळुरामांनी फीत कापली आणि दिवंगत सभासदांसाठी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. दुसऱ्या मिनिटाला गाडीच्या सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला. पुढच्या रांगेतले एक सभासद दिवंगत होता होता राहिले. जितेश म्हणाला, इंजिन नव्याने बांधलंय, बसता बसता बसेल.

पहिला मान निवृत्त पोस्टमास्तरांना मिळाला. त्यांच्या घरापासून स्मशान काही लांब नव्हतं, पण मंडळाच्या गाडीतून न्यायचं म्हणून बाजारपेठेला वळसा घालून न्यायचं ठरलं. दिनानाथ इस्त्रीचे कपडे घालून खलीलशेजारी पुढे बसला. वळणावर गाडीने एक बार काढला. खांदेकरी मागून चालत होते, ते पांगले. दुसरा बार भर पेठेत, कुल्फीच्या दुकानासमोर झाला आणि गाडी बंद पडली ती पडलीच. ढकलून पाहिली, विनवून पाहिली. दुकानापुढे कुल्फी खात उभी असलेली माणसं कांडी तशीच हातात धरून अदबीने थांबली, आणि कुल्फी त्यांच्या मनगटावरून ओघळत राहिली. शेवटी पोस्टमास्तरांना उतरवून खांद्यावर न्यावं लागलं. त्यांचा मुलगा सुजय शहाणा. जाताना दिनानाथला एवढंच म्हणाला, “काका, बाबांना टपाल अर्ध्यावर राहिलेलं कधी आवडलं नाही.” दिनानाथला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनाचं तेल परातीत काढलं. तेलात चमचम होती. गणपतीच्या मुकुटावर भुरभुरवतात तशी. आक्काच्या पेणच्या घरात ती चमकी चादरीलासुद्धा लागलेली असायची. दिनानाथने पोटावर झोपून डिस्ट्रिब्युटर उपसला. त्याचा कडक गिअर जसाच्या तसा होता, एक दातही दुखावलेला नव्हता. मग त्याने टॉर्चने आत पाहिलं. रोलरच्या कॅमशाफ्टचे दाते सुरीच्या पात्यासारखे होईपर्यंत खाल्ले गेले होते.

तो तिथेच फणसाखाली बसून राहिला. माल तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आता बघितल्याबरोबर त्याचं त्यालाच सगळं दिसत होतं. दोन पोलादं एकमेकांवर घासली की एक जण खाल्ला जाणार. त्या जोडीत कुणीतरी झिजायला हवंच होतं, आणि छोट्याने झिजावं, मोठ्याने टिकावं, म्हणून तो पिवळा होता. तो मऊ होता हा त्याचा दोष नव्हता, ते त्याचं काम होतं. दिनानाथने एकेकटा माल आयुष्यभर तपासला होता. हा कुणाबरोबर फिरणार आहे, हे विचारायची त्याच्या टेबलावर पद्धतच नव्हती.

“खलील, माझ्यामुळे गेला,” तो म्हणाला.

खलीलने त्याला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने दिल्या नाहीत. त्याने भावाला फोन लावला. हाशिमचा निरोप या खेपेला अगदी लहान आला, त्यात शेखही नव्हता. नवा कॅमशाफ्ट आणि नवा पिवळा गिअर मिळेल, पण कुणी येणारं हवं, आणि ईदशिवाय कुणी येत नाही. ईद लांब होती.

मंडळाची बैठक झाली. गाडी भंगारात द्यावी, गाडीचं वाचनालय करावं, गाडीत कोंबड्या परत ठेवाव्यात, अशा सूचना आल्या. जो तो आपलं आधीपासूनचं मत सांगत होता, आणि ते कुणी आधी ऐकलेलं नव्हतं. काळुरामांनी समारोपात सांगितलं की अति शिकलेल्या माणसाच्या हाती काम देऊ नये. दिनानाथ मान खाली घालून चहा पीत होता. चहा अगोड होता, पण त्याने तो नापास केला नाही.

इकडे आक्का उतरणीला लागली. जेवण तुटलं, मग पाणी चमच्याने पाजावं लागू लागलं. डॉक्टर सकाळी येऊन गेले ते चप्पल घालताना दिनानाथला म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. दिनानाथ आत आला. आक्काने त्याला जवळ बसायची खूण केली.

“गाडी झाली काय रे?” तिने विचारलं.

तिला ऐकू जावं म्हणून त्याला तोंड कानाशी न्यावं लागलं. खोटं बोलणं एक वेळ सोपं, पण ओरडून खोटं बोलायचं म्हणजे शेजारीपाजारी ऐकतात. खिडकीत फरझाना उभी होती, दारात शकू. “झाली, आक्का,” तो ओरडला. “पास झाली.”

आक्काने डोळे मिटले. आता ती शांत पडेल असं सगळ्यांना वाटलं. पण दिनानाथला वाढवलं होतं तिने, आणि मालाची खात्री करून घेणं त्याने कुठून उचललं होतं हे त्या घटकेला दिसलं.

“मग मला बसव तिच्यात,” ती म्हणाली. “आत्ताच ने. मेल्यावर मला काय कळनार हाय, कशातून नेलंस ते.”

शकूने दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथ बाहेर गेला आणि कुंपणाशी उभा राहिला. खलीलने सगळं ऐकलंच होतं. तो लुंगी बदलून पँट घालून आला, आणि गाडीची मागची जागा झाडू लागला. फरझानाने आपली नवी गादी आणून घातली. कोंबड्यांची दोन पिसं राहिली होती, ती तिने वेचून घेतली.

बातमी अष्टमीत पसरायला वेळ लागला नाही. काळुराम काठी टेकत आले. त्यांच्या मागे पोस्टमास्तरांचा सुजय आला, मग मंडळाचे सभासद, ज्यांना डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती असेसुद्धा. जितेश एका गिऱ्हाइकाकडे रोह्याला आला होता, तोही आला. कुणाला काही समजवावं लागलं नाही. आक्काला उचलून गादीवर निजवलं, उशाशी दिनानाथ बसला, खलीलने सुकाणू धरलं, आणि मागून सगळ्यांनी खांदा लावला. पूल सपाट होता, म्हणून पुलाकडे निघाले. काळुरामांनी काठी काखेत मारली आणि दोन्ही तळहात त्या खरवडलेल्या कमळांवर टेकवले.

गाडी निघाली. आक्काने पायाचे तळवे पत्र्याला लावून पाहिले. “कायच थरथर नाय,” ती म्हणाली. दिनानाथ तिच्या कानाशी ओरडला, की नवा गिअर आहे, त्यामुळे. तिने मान हलवली; तिला पटलं. बाजारात लोकांनी मंडळाची गाडी बघितली आणि रिवाजाप्रमाणे हात जोडले. आक्काने आतून हात जोडून नमस्कार परत केला. चपलांच्या दुकानातला एक माणूस खुर्चीवरून घसरला. सगुणा भाजीवाली पाटी तशीच टाकून गाडीबरोबर चालू लागली आणि काचेतून आक्काशी बोलू लागली. आक्काला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी ती प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होती.

पुलावर धाटावहून शिफ्ट सुटलेल्यांच्या बस आणि मोटरसायकली मागे खोळंबल्या. आधी हॉर्न वाजले, मग ते एकेक करून थांबले. ढकलणाऱ्यांचे श्वास आत ऐकू येत होते, काळुरामांचा सगळ्यात मोठा. खालून कुंडलिकेचा वारा आला आणि आक्काच्या पांढऱ्या बटा कपाळावर उडाल्या. पेणलाही नदी आहे, आणि तिच्या काठी आक्काचे यजमान होते.

“नदी आली वाटतं,” ती म्हणाली. “पेन आलं काय रे, दिना?”

दिनानाथने बाहेर बघितलं. पलीकडे रोह्याच्या इमारती होत्या, औषधाच्या दुकानाची पाटी होती, बसच्या दारात लोंबकळणारी धाटावची माणसं होती. सकाळी खोटं बोलताना त्याला घाम फुटला होता. आता वेळ लागला नाही.

“आलं, आक्का.”

“लौकर आलं,” ती म्हणाली. “रस्ता केला म्हनायचा एकदाचा.”

दिनानाथला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. त्याने तिचा हात धरला. तो हात थोडा वेळ त्याच्या हातात होता, मग नुसताच होता. त्याने वाकून तिच्या तोंडाशी कान नेला, पुन्हा नेला. आयुष्यात कुठल्याही मालाची त्याने इतका वेळ खात्री केली नव्हती.

मग त्याने वळून मागच्या काचेकडे हात वर केला, थांबा म्हणून. पण ढकलणाऱ्यांच्या माना खाली होत्या, कुणाला तो हात दिसला नाही, आणि गाडी पुलाच्या त्या टोकापर्यंत तशीच गेली.